उन्हाचे बळी आणि घरचे डॉक्टर

आपल्या हैदराबादला पुराची आठवण आहे, उन्हाची नाही. २८ सप्टेंबर १९०८ रोजी मुसी नदीला महापूर आला आणि हजारो माणसे वाहून गेली. अफझलगंजच्या इस्पितळाच्या आवारातील एका चिंचेच्या झाडावर चढून दीडशेच्या आसपास माणसे वाचली. ते झाड आजही उस्मानिया इस्पितळाच्या आवारात उभे आहे, आणि त्याच्यापाशी जमून लोक मृतांचे स्मरण करतात. पूर ओसरल्यावर निजाम सरकारने मोक्षगुंडम विश्वेश्वरय्यांना पाचारण केले. कन्नड मुलखात जन्मलेला आणि पुण्याच्या सायन्स कॉलेजात अभियांत्रिकी शिकलेला हा थोर पुरुष. आपल्या अंकाच्या दोन्ही विभागांनी अभिमानाने 'आमचा' म्हणावा असा. त्यांच्या योजनेतून उस्मानसागर (१९२०) आणि हिमायतसागर (१९२७) हे तलाव उभे राहिले. एका आपत्तीने शहराला शहाणपण दिले.

याच शहराने उन्हाच्या लाटाही सोसल्या आहेत. २ जून १९६६ रोजी येथे पारा ४५.५ अंशांवर गेला होता. २००३ च्या मे-जूनमध्ये त्या वेळच्या अखंड आंध्र प्रदेशात उन्हाने तीन हजारांहून अधिक बळी घेतले. २०१५ च्या मेअखेरीस आंध्र आणि तेलंगणा या दोन्ही राज्यांत मिळून दीड हजारांहून अधिक माणसे दगावली. या माणसांचे स्मरण करायला कोणते झाड आहे? त्यांच्यानंतर कोणता तलाव बांधला गेला? पूर गर्जना करीत येतो, भिंती पाडतो, प्रेते रस्त्यावर आणून टाकतो. ऊन मात्र मुकाट्याने येते. ते एकेकाला त्याच्या खोलीत गाठते आणि जाताना दुसऱ्याच कोणाचे नाव पुढे करते. म्हणूनच उन्हाचे बळी आपल्या हिशेबात येत नाहीत, आणि जे हिशेबात येत नाही त्यावर उपायही होत नाही.

मी डॉक्टर नाही, संख्याशास्त्र शिकवतो. तेव्हा हा विषय माझ्या अधिकाराबाहेरचा आहे असे कोणी म्हटले, तर ते मला मान्य आहे. परंतु हिशेब चुकतो कोठे, हे पाहण्याचा अधिकार संख्याशास्त्राच्या शिक्षकाला असावा. शिवाय एका मृत्यूचा हिशेब मी स्वतः जवळून पाहिला आहे. तो आधी सांगतो.

काचीगुड्यातील आमच्या गल्लीत, आमच्याच इमारतीच्या गच्चीलगतच्या खोलीत एक वृद्ध गृहस्थ राहत असत. आम्ही सारे त्यांना काका म्हणत असू. उभा जन्म छापखान्यात खिळे जुळवण्यात गेलेला. पत्नी वारलेली, मुलगा परगावी. पायांवर सूज येऊ लागली म्हणून डिसेंबर २०१४ मध्ये त्यांना एका मोठ्या इस्पितळात हृदयाच्या डॉक्टरांना दाखवले. त्यांनी रक्तदाबाची गोळी दिली, लघवी अधिक होण्याची गोळी दिली, आणि दिवसाकाठी सव्वा लिटरपेक्षा अधिक पाणी प्यायचे नाही अशी ताकीद दिली. सल्ला योग्य होता. सूज उतरली, काका पुन्हा जिना चढउतार करू लागले.

काका मोजमापात काटेकोर होते. त्यांनी पाण्याच्या बाटलीवर कागदाची पट्टी चिकटवून तिच्यावर खुणा केल्या होत्या: सकाळ, दुपार, संध्याकाळ, रात्र. खुणेच्या खाली घोटभरही जायचे नाही, हा त्यांचा नेम.

मग २०१५ चा मे महिना आला. सिमेंटच्या छताखालची ती खोली दुपारी तापत असे आणि पहाटेपर्यंत निवत नसे. 'भरपूर पाणी प्या' हे वर्तमानपत्रात रोज येत होते. एके संध्याकाळी मी तोच अंक त्यांना नेऊन दिला. ते हसून म्हणाले, "सर, हे धडधाकट माणसांना सांगितलंय. मला डॉक्टरांनी मोजून दिलंय." मलाही ते पटले. मी खाली येऊन पंख्याखाली पेपर तपासत बसलो.

तीन दिवसांनी सकाळी दूधवाल्याने हाक मारली, ती आम्हां सर्वांसाठी होती. काका आदल्या रात्रीच गेले होते. उशाशी बाटली होती, आणि तिच्यात रात्रीच्या वाट्याचे पाणी शिल्लक होते. पूर्वी त्यांना कधी न पाहिलेले एक डॉक्टर जवळच्या दवाखान्यातून आले आणि त्यांनी दाखल्यावर लिहिले: हृदयक्रिया बंद पडून मृत्यू. 'ऊन' हा शब्द कोठेही नव्हता.

यात अपराधी कोण? हृदयाच्या डॉक्टरांचे म्हणणे डिसेंबरात बरोबर होते. वर्तमानपत्राचे म्हणणेही सर्वसाधारण माणसासाठी बरोबर होते. दोन बरोबर गोष्टींच्या मध्ये एक माणूस सापडला आणि गेला. डिसेंबरातला सल्ला एप्रिलात पुन्हा तपासून, "काका, आता उन्हाळा आला, गोळी अर्धी करू, पाण्याची खूण थोडी खाली सरकवू," असे सांगणारे कोणी नव्हते. तसे सांगण्याचा अधिकार मला नव्हता, आणि ज्यांना होता ते काकांना ओळखत नव्हते. ही मधली जागा ज्याची, त्याला आपण फॅमिली डॉक्टर म्हणत आलो. उन्हाळ्यात माणसे मरतात ती पुष्कळदा ही जागा रिकामी असल्यामुळे मरतात, हे मला या लेखात सांगायचे आहे.

प्रथम ऊन माणसाला मारते कसे, ते थोडक्यात पाहू. बाहेर तापले की शरीर रक्त कातडीकडे वळवते आणि घाम गाळते. या कामी हृदयाला जादा राबावे लागते, आणि घामावाटे पाणी व क्षार जातात. धडधाकट तरुणाला हा बोजा पेलतो. म्हाताऱ्या माणसाला तहानच कमी लागते. घामही कमी येतो. हृदय आधीच थकलेले असते, मूत्रपिंडे कुरकुरत असतात. त्यात लघवी वाढवणारी गोळी पाणी आणखी बाहेर टाकते. मानसिक आजारावरील काही औषधे आणि ॲलर्जीवरील काही जुनी औषधे घामच अडवतात. अशा माणसाचा बांध एखाद्या रात्री फुटतो, आणि त्याला आपण हृदयविकार म्हणतो.

भर उन्हात राबणाऱ्या मजुराची गोष्ट वेगळी. त्याचे शरीर कामाने आतून तापते आणि उन्हाने बाहेरून. शरीराचे तापमान ४० अंशांच्या वर गेले आणि माणूस बरळू लागला किंवा शुद्ध हरपली, की तो खरा उष्माघात. तेलुगूत याला 'वडदेब्ब' म्हणतात. 'देब्ब' म्हणजे तडाखा. आपण मराठीत 'ऊन लागले' असे म्हणतो, जणू ठेच लागावी! शब्दातच आपण ही गोष्ट हलकी करून टाकली आहे.

वर्तमानपत्रातील पाऱ्याचा आकडाही आपली दिशाभूल करतो. तो आकडा वेधशाळेतल्या झडपांच्या लाकडी पेटीतला, म्हणजे सावलीतला असतो. पत्र्याखालची खोली, डांबरी रस्ता, भट्टीजवळचा कारागीर यांचा तो आकडा नव्हे. शिवाय हवेत दमटपणा असला की घाम वाळत नाही आणि कमी आकड्यावरही जीव जातो. १६ एप्रिल २०२३ रोजी नवी मुंबईत खारघरच्या मैदानावर महाराष्ट्र भूषण पुरस्काराचा सोहळा झाला. पारा चाळिशीच्या आतच होता. तरी उघड्यावर बसलेल्यांपैकी चौदा जण दगावले. आपल्या दख्खनची हवा कोरडी आणि रात्र थंड, ही आपली जुनी श्रीमंती होती. आता दगड-सिमेंटच्या दाटीत रात्रही तापते आणि शरीराला जी विश्रांती मिळायची ती मिळत नाही.

आता हिशेबाकडे येतो. उन्हाने किती माणसे मेली हे दाखल्यांवरून कळत नसेल, तर ते कळायचे कसे? त्याची एक साधी रीत आहे. एखाद्या शहरात एरवीच्या वर्षांत मे महिन्यात किती मृत्यू होतात ते पाहायचे, आणि लाटेच्या वर्षी किती झाले ते पाहायचे. फरक उरतो तो उन्हाचा. अहमदाबादेत मे २०१० मध्ये पारा ४६.८ पर्यंत चढला होता. संशोधकांनी वरील रीतीने हिशेब मांडला तेव्हा त्या एका महिन्यात १,३४४ मृत्यू जादा झाल्याचे दिसून आले. या हिशेबाने नगरपालिकेचे डोळे उघडले आणि २०१३ मध्ये त्या शहराने उष्म्याशी सामना करण्याची योजना आखली. दक्षिण आशियातील ती पहिली शहरी योजना. तेथेही आधी मोजणी झाली, मग उपाय.

श्रीमंत देशही यातून सुटलेले नाहीत. जुलै १९९५ मध्ये अमेरिकेत शिकागो येथे काही दिवसांच्या लाटेत सातशेहून अधिक जादा मृत्यू झाले. मेलेल्यांत एकट्या राहणाऱ्या वृद्धांचा भरणा मोठा होता. ऑगस्ट २००३ मध्ये फ्रान्समध्ये सुमारे पंधरा हजार माणसे गेली. ऑगस्ट हा तेथील सुटीचा महिना. मुले समुद्रकाठी गेलेली, अनेक डॉक्टरही सुटीवर, आणि आजी-आजोबा पॅरिसच्या वरच्या मजल्यांवर एकटे. त्यानंतर तेथे जी योजना झाली तिचा एक भाग मला फार महत्त्वाचा वाटतो: गावोगावच्या नगरपालिकांनी एकट्या राहणाऱ्या वृद्ध आणि अपंग माणसांची यादी ठेवायची आणि लाट आली की त्यांची विचारपूस करायची. पैसा, यंत्रे, इस्पितळे हे सारे असलेल्या देशाला शेवटी शिकायला मिळाले ते एवढेच, की कोण कोठे एकटा राहतो हे कोणाला तरी ठाऊक असले पाहिजे.

आपल्याकडे हे कोणाला ठाऊक असते? सरकारला नाही. मोठ्या इस्पितळातील विशेषज्ञाला नाही. त्याला हृदय ठाऊक असते, खोली ठाऊक नसते. हे ठाऊक असते गल्लीतल्या डॉक्टरला. कोणाची सून माहेरी गेली आहे, कोणाच्या घरी नळाला पाणी येत नाही, कोण मधुमेही असून रात्रपाळी करतो, कोणाच्या औषधांची पिशवी तीन डॉक्टरांच्या चिठ्ठ्यांनी भरली आहे, हे सारे त्याच्या डोक्यात असते. ती यादी कागदावर आणली की अर्धे काम झाले.

मी लहान असताना आमच्या गल्लीत असे एक डॉक्टर होते. त्यांच्याविषयी भाबडे बोलण्याची माझी इच्छा नाही. ते साध्या पडशालाही सुई टोचत, बाटलीतले लाल औषध सर्वांना सारखेच देत, आणि लिहून काहीच ठेवत नसत. परंतु घरी आले की ते खिडकी उघडायला लावत, माठात डोकावत, आणि "आजींना रात्री कोठे झोपवता?" असे विचारत. या प्रश्नाला शुल्क नव्हते. त्यांचे वय झाले, मुलगा शिकून परदेशी स्थिरावला, आणि दवाखान्याच्या जागी आता मोबाइलचे दुकान आहे. त्या दुकानदाराचा काही दोष नाही. पण तो प्रश्न विचारणारा माणूस गेला, एवढे खरे.

मग घरच्या डॉक्टरने उन्हाळ्यात करावे तरी काय? माझ्या अल्पमतीप्रमाणे चार कामे आहेत, आणि चारांपैकी एकालाही मोठे यंत्र लागत नाही.

पहिले काम एप्रिल उजाडण्यापूर्वीचे. हृदय, मूत्रपिंड, रक्तदाब, मानसिक आजार यांच्या रुग्णांना बोलावून औषधे आणि पाण्याचे माप पुन्हा ठरवून द्यावे. रुग्णाने आपल्या मनाने गोळी बंद करणे हाही धोकाच आहे. म्हणून तर हे काम डॉक्टरचे. 'भरपूर पाणी प्या' हा सल्ला लाखांना देता येतो. 'तुम्ही इतके प्या' हे एकेकालाच सांगावे लागते.

दुसरे काम यादीचे. वरच्या मजल्यावर किंवा पत्र्याखाली राहणारे, एकटे राहणारे, अंथरुणाला खिळलेले, तान्ही मुले आणि गरोदर स्त्रिया यांची नावे काढावीत. लाटेच्या दिवसांत डॉक्टरने, कंपाउंडरने किंवा आशाताईने एक फेरी मारावी, निदान फोन करावा. लाटेचे पहिले काही दिवस विशेष जपण्याचे, कारण शरीराला उन्हाची सवय व्हायला आठवडा-दोन आठवडे लागतात. कामावर नव्याने आलेल्या मजुरालाही हेच लागू आहे.

तिसरे काम शिकवण्याचे. उष्माघाताचा रुग्ण दिसला की आधी गार करा, मग हलवा. निदान हलवता हलवता गार करा. सावलीत न्या, कपडे सैल करा, अंगभर पाणी ओता, वारा घाला. बेशुद्ध माणसाच्या तोंडात पाणी ओतू नका. तापाची गोळी येथे निरुपयोगी आहे, कारण हा ताप आजाराचा नव्हे. नुसत्या पंख्यावरही विसंबू नये. हवाच चाळीस अंशांच्या वर असली की पंखा गरम झोत अंगावर फेकतो. अंगावर ओले फडके असेल तरच त्याचा उपयोग.

याच सदरात जलसंजीवनी येते. १९७१ च्या बांगलादेश युद्धात बनगावच्या निर्वासित छावणीत डॉ. दिलीप महालनोबीस यांनी सलाइनच्या बाटल्या संपल्यावर मीठ-साखरेचे पाणी पाजून पटकीचे असंख्य रुग्ण वाचवले, हा इतिहास आपल्या देशाला भूषणावह आहे. आजच्या प्रमाणित पुडीत एक लिटर पाण्यासाठी १३.५ ग्रॅम ग्लुकोज आणि २.६ ग्रॅम मीठ असते, सोबत पोटॅशियम व सायट्रेट. हे प्रमाणच तिचे मर्म. पण बाजारात 'ओआरएस' असे नाव मिरवणारी गोड पेये आली, ज्यांत साखर कितीतरी पट अधिक. आपल्या हैदराबादच्याच बालरोगतज्ज्ञ डॉ. शिवरंजनी संतोष यांच्या लक्षात आले, की जुलाब झालेल्या मुलांना पालक भाबडेपणाने ही पेये पाजत आहेत. त्यांनी आठ वर्षे हा प्रश्न लावून धरला, उच्च न्यायालयात जनहित याचिका केली, आणि ऑक्टोबर २०२५ मध्ये अन्नसुरक्षा प्राधिकरणाने अशा पेयांवर 'ओआरएस' हे नाव छापण्यास मनाई केली. हा शोध कोणत्या प्रयोगशाळेत लागला? रोज आईबापांना "बाळाला काय पाजलेत?" असे विचारणाऱ्या एका डॉक्टरच्या टेबलावर लागला. गल्लीतला डॉक्टर सार्वजनिक आरोग्यासाठी काय करू शकतो, याचे याहून जवळचे उदाहरण मला माहीत नाही.

घरात पुडी नसेल तर आपली आंबील आणि ताक आहेच. आंबील हा शब्द मराठीत, तेलुगूत 'अंबली', कन्नडातही 'अंबली'. तीन भाषांच्या आज्ज्यांचे एकमत झालेली ही एकमेव गोष्ट असावी! मात्र मीठ ज्याला वर्ज्य, त्याला तेही विचारूनच.

चौथे काम दाखल्याचे, आणि मला ते सर्वांत मोलाचे वाटते. घरी मृत्यू झाला तर शेवटच्या आजारात उपचार करणाऱ्या डॉक्टरने मृत्यूच्या कारणाचा दाखला द्यावा, अशी १९६९ च्या जन्म-मृत्यू नोंदणी कायद्यात तरतूद आहे. त्या नमुन्यात मुख्य कारणांसाठी एक भाग असतो, आणि मृत्यूला हातभार लावणाऱ्या गोष्टींसाठी दुसरा. 'हृदयक्रिया बंद पडली' हे कारण नव्हे. हृदयक्रिया बंद न पडता कोण मेला आहे? तापलेल्या खोलीत, लाटेच्या चौथ्या रात्री, तापलेल्या अंगाने हृदयरोगी गेला असेल, तर दुसऱ्या भागात तसे लिहायला हवे. अर्थात त्यासाठी डॉक्टरने खोलीत पाऊल टाकून पाहिले पाहिजे. 'ऊन' लिहिले तर चौकशी आणि शवविच्छेदन मागे लागेल, अशी भीती घरच्यांना आणि डॉक्टरांनाही वाटते. ती समजण्यासारखी आहे. पण एप्रिल २०२५ मध्ये तेलंगणा सरकारने उष्णतेची लाट ही राज्याची विशेष आपत्ती म्हणून जाहीर केली आणि मृताच्या वारसांना चार लाख रुपये देऊ केले. ज्या हमालाच्या किंवा बिगाऱ्याच्या कागदावर ऊन नोंदलेलेच नाही, त्याच्या विधवेने हे साहाय्य कोणत्या आधारावर मागावे?

कारणाला नाव मिळण्याचे सामर्थ्य काय असते, हे आपल्या शहराने एकदा जगाला दाखवले आहे. त्या काळापर्यंत हिवताप दूषित हवेने होतो असा समज होता. 'मलेरिया' या शब्दाचा अर्थच मुळी 'वाईट हवा'. ऑगस्ट १८९७ मध्ये बेगमपेठच्या एका खोलीत डॉ. रोनाल्ड रॉस डास कापून सूक्ष्मदर्शकाखाली पाहत बसले होते. कापलेले डास उडून जातील म्हणून पंखा बंद. घामाने यंत्राचे स्क्रू गंजलेले. २० ऑगस्टला डासाच्या पोटात त्यांना हिवतापाचा जंतू सापडला, आणि हवेवरचा आरोप डासावर आला. मग कोठे डबकी बुजवण्याचे काम सुरू झाले. उन्हाच्या बाबतीत आपण अजून उलट्या टोकाला आहोत: येथे खरोखरच हवा मारते आहे, आणि आपण आरोप हृदयावर ठेवतो आहोत.

यावर दोन आक्षेप येतील, आणि ते रास्त आहेत.

पहिला आक्षेप असा, की हा प्रश्न डॉक्टरचा नाहीच; तो छपरांचा, झाडांचा, पाण्याचा आणि मजुरीच्या वेळांचा आहे. हे मला मान्य आहे. तेलंगणा सरकारने २०२३ मध्ये थंड छतांचे धोरण जाहीर केले. छताला पांढरा परावर्तक लेप दिला की खोली काही अंशांनी निवते. असे लेप काकांच्या खोलीसारख्या खोल्यांवर आधी लागले पाहिजेत. दुपारी बारा ते चार बांधकाम थांबले पाहिजे, आणि थांबल्याबद्दल रोजी कापली जाता कामा नये. परंतु कोणत्या गल्लीतले छत आधी रंगवावे, कोणत्या नाक्यावर मजूर कोसळतात, हे सांगणार कोण? ज्याच्याकडे यादी आणि दाखले आहेत तोच. डॉक्टरने छत रंगवू नये; पण बोट दाखवावे.

दुसरा आक्षेप अधिक कडवट आहे. "फॅमिली डॉक्टर राहिलेत कोठे? आणि गरिबाला ते होते तरी कधी?" महबूबनगरहून, बिदर-कलबुर्गीहून, नांदेड-लातूरकडून पोटासाठी आलेला मजूर आजारी पडला तर औषधाच्या दुकानात जाऊन दोन गोळ्या मागतो. त्याच्यासाठी या शहरात २०१८ पासून बस्ती दवाखाने निघाले, ही चांगली गोष्ट झाली. पण दवाखाना प्रामुख्याने दिवसा उघडा आणि मजूर दिवसा कामावर. उन्हाळ्याचे तीन महिने निदान काही दवाखाने रात्री नवापर्यंत उघडे ठेवावेत, तेथील डॉक्टर वारंवार बदलू नयेत, आणि वस्तीच्या यादीची वही डॉक्टर बदलला तरी तेथेच राहावी, अशी माझी मागणी आहे. माणूस ओळखीचा झाला की दवाखानाही घरचा होतो.

विद्यार्थी मित्रहो, आता तुमच्याविषयी. तुमच्यापैकी काहींचे मित्र, भावंडे वैद्यकीय महाविद्यालयांत आहेत. त्यांना विचारून पाहा, साधा गल्लीतला डॉक्टर होण्याची किती जणांची इच्छा आहे. विशेषज्ञ व्हायला माझा विरोध नाही. पण एका माणसाच्या शरीराचे दहा भाग दहा जणांनी वाटून घेतल्यावर, अख्खा माणूस कोणाच्या वाट्याला आला, हे कोणीतरी विचारायला हवे. समाज गल्लीतल्या डॉक्टरला मान आणि पुरेसे उत्पन्न देत नाही, हा दोष आपलाही आहे. तपासणीच्या यंत्राला आपण निमूटपणे हजारो रुपये मोजतो, आणि पाव तास बसून विचारपूस करणाऱ्याशी शंभर रुपयांसाठी घासाघीस करतो.

आणि जे वैद्यकशास्त्र शिकत नाहीत, त्यांनी काय करावे? यंदा परीक्षा संपल्या की आपापल्या इमारतीचा जिना एकदा वरपर्यंत चढून पाहावा. वर कोण राहते, कोणत्या गोळ्या घेते, पाण्यावर बंधन आहे का, डॉक्टरांना शेवटचे कधी दाखवले, एवढे विचारावे, आणि बंधन असेल तर त्या माणसाला एप्रिलातच डॉक्टरांकडे घेऊन जावे. राष्ट्रीय सेवा योजनेत आपण झाडे लावतो, भिंती रंगवतो; त्यात ही एक वही वाढवता येईल. मराठी विभागाने मराठी घरे घ्यावीत आणि कन्नड विभागाने कन्नड, असे मात्र नको. जिन्यावर भाषेच्या पाट्या नसतात.

काकांची ती बाटली त्यांच्या मुलाने मला दिली. कागदाची पट्टी अजून शाबूत आहे. खिळे जुळवणाऱ्याचे सुरेख अक्षर. दर एप्रिलच्या पहिल्या तारखेला मी ती कपाटातून बाहेर काढून टेबलावर ठेवतो आणि मग जिना चढून वर जातो. आता त्या खोलीत एक नवे भाडेकरू आहेत. ते तरुण आहेत, निरोगी आहेत, आणि माझ्या प्रश्नांना हसतात. तरी मी विचारतो. रात्री कोठे झोपता?